बीट्रिस शिलिंग: एका वॉशरने लढाऊ विमानाचा कार्बोरेटर सुधारणारी इंजिनिअर

तुमची बाईक २०२० नंतरची असेल, तर कार्बोरेटर हा शब्द तुम्ही बहुतेक फक्त बाबांच्या किंवा मेकॅनिकच्या तोंडून ऐकला असेल. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या बाईक जवळपास सगळ्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. पण आपल्याकडे जुन्या बाईक सहजासहजी भंगारात जात नाहीत. पार्किंगमध्ये नजर टाका, दहा-पंधरा वर्षं जुन्या गाड्या हमखास दिसतील. या गाड्यांची एक ठरलेली तक्रार असते: चालता चालता बंद पडते, पेट्रोल नीट येत नाही.

यावर सरळ "१० टिप्स" देता आल्या असत्या. पण मला वाटतं, हा बिघाड ज्या व्यक्तीच्या गोष्टीतून सगळ्यात छान समजतो ती म्हणजे बीट्रिस शिलिंग. ही ब्रिटिश इंजिनिअर बाई बाईक रेसर होती आणि दुसऱ्या महायुद्धात तिने लढाऊ विमानांच्या इंजिनाचा पेट्रोलचा घोळ एका छोट्या वॉशरने आटोक्यात आणला. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, दिवसभर बग शोधणं हेच माझं काम. त्या नजरेने पाहिलं तर शिलिंग यांचं काम म्हणजे डीबगिंगचा उत्तम नमुना आहे.

खाटकाची मुलगी आणि रॉयल एनफिल्ड

बीट्रिसचा जन्म ८ मार्च १९०९ चा, इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यातल्या वॉटरलूव्हिल गावचा. वडिलांचा मटणाचा व्यवसाय होता. लहानपणापासून तिला खेळण्यांपेक्षा हत्यारांचं वेड जास्त. चौदाव्या वर्षी तिने स्वतःची मोटारसायकल घेतली. ती होती टू-स्ट्रोक रॉयल एनफिल्ड. हो, तीच कंपनी जिच्या बुलेटवर आपल्याकडे लोक जीव टाकतात. तेव्हा ती पूर्णपणे इंग्लंडमधली कंपनी होती. मद्रासमध्ये बुलेट बनायला लागली ती १९५५ साली. बीट्रिस ही गाडी नुसती चालवायची नाही, तर पूर्ण खोलून पुन्हा जोडायची.

शाळा संपल्यावर तिने डेव्हनमध्ये मार्गारेट पार्ट्रिज या महिला इलेक्ट्रिकल इंजिनिअरकडे उमेदवारी केली. पार्ट्रिज यांचं काम गावागावांत वीज पोचवण्याचं. वायरी टाकणं, जनरेटर बसवणं, हे सगळं बीट्रिस तिथे हाताने शिकली. पार्ट्रिज यांनीच तिला पुढे डिग्री घ्यायला लावलं. मँचेस्टर विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या वर्गात तेव्हा मुली जवळपास नव्हत्याच. १९३२ मध्ये तिने इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि नंतर मेकॅनिकलमध्ये मास्टर्सही केलं.

आपल्याकडे बऱ्याचदा डिग्री आणि हातातलं काम या दोन वेगळ्या गोष्टी असतात. डिग्रीवाला ग्रीसला हात लावत नाही आणि हाताने काम करणाऱ्याला थिअरी कुणी शिकवत नाही. बीट्रिसकडे दोन्ही होतं, आणि पुढे कामाला तेच आलं.

ब्रुकलँड्सचा गोल्ड स्टार

लंडनजवळ ब्रुकलँड्स नावाचा रेसिंग ट्रॅक होता. १९०७ साली सुरू झालेला, काँक्रीटचा, वळणांवर भिंतीसारखा उंच होत जाणारा. तिथे ताशी १०० मैलांच्या वर, म्हणजे ताशी १६१ किलोमीटरच्या वर पूर्ण फेरी मारली की मोटारसायकल क्लबकडून गोल्ड स्टार बॅज मिळायचा.

१९३४ मध्ये बीट्रिसने तो मिळवला. तिची नॉर्टन बाईक ५०० सीसीची आणि फेरीचा वेग ताशी १०६ मैल, म्हणजे साधारण १७० किलोमीटर. आजची बहुतेक १५० सीसी बाईक तिथपर्यंत पोचत नाही, आणि ही ९० वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ना डिस्क ब्रेक, ना एबीएस. हा बॅज मिळवणाऱ्या महिला फक्त तीन झाल्या, त्यातली ती एक.

रेसिंगसाठी गाडी ती स्वतःच तयार करायची. त्यामुळे इंजिनाला किती हवा लागते, किती पेट्रोल लागतं आणि जास्त झालं किंवा कमी पडलं की आवाज कसा बदलतो, हे तिला पुस्तकाबाहेरूनही माहीत होतं.

फार्नबरोची नोकरी

१९३६ मध्ये बीट्रिस शिलिंग फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये रुजू झाल्या. ही ब्रिटिश सरकारची विमान संशोधन संस्था. तेव्हा तिथल्या सरकारी नोकरीत बायकांना त्याच कामासाठी पुरुषांपेक्षा कमी पगार असायचा. थोड्याच काळात त्या इंजिनाच्या विभागात आल्या आणि कार्बोरेटर हा त्यांचा विषय झाला. १९३८ मध्ये त्याच संस्थेतल्या जॉर्ज नेलर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. तेही बाईकवेडे. युद्धात नेलर पुढे बॉम्बर विमान चालवायला गेले.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं. ब्रिटनची मुख्य लढाऊ विमानं दोन, स्पिटफायर आणि हरिकेन. दोन्हींमध्ये रोल्स रॉइसचं मर्लिन इंजिन. १२ सिलिंडर, २७ लिटर, म्हणजे आपल्या १०० सीसी बाईकच्या २७० पट. आणि या एवढ्या मोठ्या इंजिनाला पेट्रोल पाजत होता कार्बोरेटर, तत्त्वाने आपल्या बाईकसारखाच.

बिघाड: नाक खाली केलं की इंजिन गप्प

लढाईत वैमानिकांना एक भयंकर अनुभव येऊ लागला. समोरचं जर्मन विमान एकदम नाक खाली करून सुसाट खाली जायचं. ब्रिटिश वैमानिकाने तसंच नाक खाली दाबलं की त्याचं इंजिन फडफडायचं, काही वेळा काळा धूर सोडून पार बंद पडायचं. पाठलाग तिथेच संपला. आणि मागे शत्रू असेल, तर जीवही तिथेच संपण्याची शक्यता.

जर्मन मेसरश्मिट १०९ मध्ये थेट फ्युएल इंजेक्शन होतं, त्यामुळे त्याला हा त्रास नव्हता. मग ब्रिटिशांनी कार्बोरेटर का ठेवला? ते काही मूर्ख नव्हते. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना हवा थंड होते, थंड हवा दाट असते आणि दाट हवेमुळे ताकद जास्त मिळते. फायदा खरा होता, पण त्याची किंमत डाइव्ह मारताना मोजावी लागत होती. वैमानिकांनी एक तोडगा काढला होता: आधी विमान अर्धं उलटं फिरवायचं आणि मग खाली खेचायचं. त्याने इंजिन चालू राहायचं, पण तेवढ्या वेळात शत्रू दूर निघून जायचा.

हे का व्हायचं ते समजायला कार्बोरेटरच्या आत जाऊ.

कार्बोरेटरच्या तळाशी एक छोटी वाटी असते, तिला फ्लोट चेंबर म्हणतात. तिच्यात पेट्रोल साठतं. त्यावर एक हलका फ्लोट तरंगतो. आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल व्हॉल्व्ह आठवा. पाणी वर आलं की बॉल वर येतो आणि नळ बंद होतो. पाणी खाली गेलं की नळ उघडतो. इथे नळाच्या जागी एक टोकदार नीडल व्हॉल्व्ह असतो, बाकी सगळं तसंच. चेंबरमधलं पेट्रोल जेट नावाच्या बारीक, मोजून पाडलेल्या भोकातून वर खेचलं जातं आणि हवेत मिसळून इंजिनात जातं.

ही सगळी रचना एका गृहीतावर उभी आहे: पेट्रोल नेहमी खाली राहणार. वैमानिकाने एकदम नाक खाली दाबलं की तो सीटवरून वर उचलला जातो, आणि चेंबरमधलं पेट्रोलही तसंच वर उसळतं.

एक लक्षण, दोन उलटी कारणं

माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

पेट्रोल वर उसळलं की जेट कोरडा पडतो. इंजिनाला पेट्रोल मिळत नाही आणि ते क्षणभर अडखळतं. हा झाला पहिला झटका, पेट्रोल कमी पडल्याचा. इथपर्यंत कुणालाही वाटेल की उपाय सोपा आहे, पेट्रोलचा पुरवठा वाढवा.

पण लगेच दुसरा झटका यायचा, आणि तो जास्त घातक. पेट्रोल वर गेल्यावर हलका फ्लोट चेंबरच्या तळाशी जायचा. फ्लोट खाली म्हणजे व्हॉल्व्हच्या हिशोबाने चेंबर रिकामा. मग व्हॉल्व्ह सताड उघडायचा. मागून पंप जोरात पेट्रोल ढकलतच असायचा, आणि तो इंजिनाच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त देऊ शकत होता. चेंबर काठोकाठ भरून ते पेट्रोल थेट इंजिनात घुसायचं. हवेपेक्षा पेट्रोलच जास्त, त्यामुळे काळा धूर आणि इंजिन बंद. आपले मेकॅनिक ज्याला ओव्हरफ्लो म्हणतात तेच, फक्त हजार हॉर्सपॉवरच्या इंजिनात आणि हवेत.

म्हणजे वैमानिकाला लक्षण एकच दिसत होतं, इंजिन बंद पडतं. आत मात्र एकामागोमाग एक दोन बिघाड होते, आणि ते एकमेकांच्या अगदी उलट. पहिल्यावर डोळे झाकून इलाज करत पुरवठा वाढवला असता, तर दुसरा आणखी बिघडला असता. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर मेसेज एक आणि बग दोन.

वॉशर

शिलिंग यांनी दुसरा झटका आधी पकडला, कारण इंजिन पार बंद पाडणारा तोच होता. त्यांचा विचार साधा होता. व्हॉल्व्ह सताड उघडला तरी बिघडत नाही, फक्त पेट्रोलच मुळात जास्त येता कामा नये. इंजिनाला पूर्ण ताकदीवर जास्तीत जास्त जेवढं पेट्रोल लागतं, बरोबर तेवढंच जाऊ देणारं भोक पाइपमध्ये बसवायचं. त्यापेक्षा कमी ठेवलं तर पूर्ण ताकद मिळणार नाही, जास्त ठेवलं तर ओव्हरफ्लो.

हा भाग म्हणजे मधोमध नेमक्या मापाचं भोक असलेला धातूचा छोटा तुकडा, पुढे अगदी साध्या वॉशरसारखा. इंजिनांच्या ताकदीप्रमाणे त्याची वेगवेगळी मापं होती. तो कार्बोरेटरच्या आधी पेट्रोलच्या पाइपमध्ये बसायचा. इंजिन उतरवायची गरज नाही, विमान कारखान्यात पाठवायची गरज नाही. युद्ध चालू असताना एकेक विमान मोलाचं होतं, त्यामुळे हे फार महत्त्वाचं ठरलं.

१९४१ च्या सुरुवातीला शिलिंग आणि त्यांची छोटी टीम विमानतळामागून विमानतळ फिरली आणि हे वॉशर बसवत गेली. या दौऱ्यांवर त्या आपली जुनी रेसिंग बाईक घेऊन जायच्या. मार्च १९४१ पर्यंत फायटर कमांडच्या विमानांवर हे काम झालं होतं. अधिकृत नाव होतं आरएई रिस्ट्रिक्टर. वैमानिकांनी त्याला मिस शिलिंग यांच्या नावाने जरा चावट टोपणनाव दिलं आणि तेच इतिहासात टिकलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. या बाईंनी बॅटल ऑफ ब्रिटन जिंकून दिली, अशा अर्थाच्या पोस्ट आणि रील्स फिरत असतात. ते तारखांत बसत नाही. ती लढाई जुलै ते ऑक्टोबर १९४० ची आणि वॉशर आले १९४१ मध्ये. ब्रिटिश वैमानिकांनी ती लढाई हा बिघाड सोबत घेऊनच लढली. त्यानंतरच्या लढायांत मात्र वॉशरचा उपयोग झाला.

हा कायमचा इलाज नाही हेही शिलिंग यांना पक्कं माहीत होतं. पहिला छोटा झटका राहिलाच होता आणि विमान जास्त वेळ उलटं चालवता येत नव्हतंच. त्यावर काम चालू राहिलं आणि १९४३ पासून नव्या प्रकारचे प्रेशर कार्बोरेटर आल्यावर हा प्रश्न मुळापासून सुटला. आधी चालू यंत्रणा सावरणारा पॅच, मग नीट नवं डिझाइन. पॅच लागला म्हणून मूळ काम थांबवायचं नाही.

त्यानंतरची वर्षं

युद्धानंतरही शिलिंग फार्नबरोमध्येच राहिल्या. ओल्या धावपट्टीवर विमानाचे ब्रेक कसे लागतात, यासारख्या विषयांवर त्यांनी काम केलं. त्यांना ओबीई हा किताब मिळाला. बाईकनंतर नवरा-बायको कार रेसिंगकडे वळले. १९६७ मध्ये अमेरिकन रेसर डॅन गर्नी यांच्या फॉर्म्युला वन टीमची ईगल कार गरम होत होती, तेव्हा त्या कामात शिलिंग यांची मदत घेतली गेली. १९६९ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी सरे विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १८ नोव्हेंबर १९९० रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. फार्नबरोमध्ये एका पबला त्यांच्या टोपणनावावरून टिली शिलिंग हे नाव दिलेलं आहे.

आता तुमच्या बाईककडे

गाडी बंद पडली की आपण काय करतो? यूट्यूबवर पहिला व्हिडिओ बघतो आणि दिसेल तो स्क्रू फिरवतो. शिलिंग यांची पद्धत याच्या उलट होती: आधी ठरवा, पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय. हे ठरल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही.

पेट्रोल कमी पडत असेल, तर अशी लक्षणं दिसतात:

- चोक ओढल्यावरच गाडी चालते, चोक बंद केला की बंद पडते.
- जास्त रेस दिली की दम सोडते.
- स्पार्क प्लग काढून पाहिला तर टोक पांढरट दिसतं.

अशा वेळी टाकीपासून सुरुवात करा. पेट्रोल कॉक चालू आहे का, गाडी रिझर्व्हवर गेली आहे का ते पाहा. बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडून पाहा. उघडल्यावर गाडी ठीक चालत असेल, तर झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलेलं आहे. हवा आत येत नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. मग पेट्रोल फिल्टर, मग जेटमधला कचरा, आणि कार्बोरेटर व इंजिनाच्या मधल्या रबराला चीर गेली आहे का, या क्रमाने जा.

पेट्रोल जास्त होत असेल, तर लक्षणं वेगळी:

- सायलेन्सरमधून काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास.
- कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून थेंब पडतात.
- चोक ओढला की गाडी आणखी बिघडते.
- प्लग काळाकुट्ट, काजळी धरलेला. ॲव्हरेज पडतं.

इथे चोक अडकून ओढलेलाच राहिला नाही ना ते आधी पाहा. मग एअर फिल्टर धुळीने बुजलाय का ते बघा. त्यानंतर फ्लोट चेंबर. नीडल व्हॉल्व्हमध्ये कचऱ्याचा एक कण अडकला तरी तो नीट बंद होत नाही, आणि फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरलं तर तो तरंगतच नाही. स्पिटफायरमध्ये झालं तेच तुमच्या बाईकमध्ये होतं, फक्त उलटं न होता.

गाडी महिना-दोन महिने उभी असेल, तर जुनं पेट्रोल चिकट होऊन सगळ्यात बारीक पायलट जेट बुजवतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणीही शोषतं. अशा वेळी चेंबरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून जुनं पेट्रोल काढून टाका आणि मग किक मारा. हे काम उघड्या जागेत, थंड इंजिनावर करा. जवळपास सिगारेट, काडीपेटी काही नको.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका: जेटमध्ये टाचणी किंवा तार घालून खरवडणं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेच्या दाबाने तो साफ होतो. जेट म्हणजे मोजून पाडलेलं भोक, ते जरा मोठं झालं की गाडीचा सगळा हिशोब बदलतो. एका भोकाचं माप बरोबर असण्याने किती फरक पडतो, हे १९४१ च्या त्या वॉशरइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

म्हणून पुढच्या वेळी गाडी अडली की आधी प्लग काढा, त्याचा रंग पाहा आणि एकच प्रश्न विचारा: कमी की जास्त? उत्तर मिळालं की अर्धं काम झालं. उरलेलं तुम्ही करा किंवा तुमच्या मेकॅनिककडून करून घ्या, पण आता त्याला नेमकं काय सांगायचं ते तुम्हाला माहीत असेल.